दोन आकाशनौकांची शर्यत

नाटक चाललं की पडलं, हे तिकिटाच्या खिडकीवर कळतं. पण टेलिव्हिजनला कुठली आली खिडकी? मग लोकांची पसंती मोजायची तरी कशी? अमेरिकेत हा हिशेब एकदा कसा अपुरा पडला, त्याची ही हकीगत.

सप्टेंबर १९६५ मध्ये सीबीएस कंपनीने ‘लॉस्ट इन स्पेस’ ही मालिका सुरू केली. अंतराळात वाट चुकलेलं रॉबिन्सन कुटुंब, त्यांचा यंत्रमानव आणि कपटी डॉक्टर स्मिथ, असा तो पोराबाळांना आवडणारा मामला होता. जीन रॉडनबेरीही आपली ‘स्टार ट्रेक’ची कल्पना घेऊन याच कंपनीकडे गेले होते; पण अंतराळाची एक मालिका हाताशी असताना दुसरी कशाला, म्हणून त्यांना नकार मिळाला. ती कल्पना एनबीसी या प्रतिस्पर्धी कंपनीने उचलली आणि सप्टेंबर १९६६ मध्ये ‘एंटरप्राइज’ हे जहाज पडद्यावर निघालं. त्यावर आफ्रिकी वंशाची अधिकारी स्त्री होती, आशियाई सुकाणूवाला होता. पुढे, ऐन शीतयुद्धात, एक रशियन तरुणही दाखल झाला.

आता गंमत पाहा. निवडक घरांत कोणता कार्यक्रम लागतो, त्यावरून नील्सन कंपनी साऱ्या देशाचा अंदाज बांधीत असे. या हिशेबात पारडं जड होतं ते ‘लॉस्ट इन स्पेस’चं. ‘स्टार ट्रेक’ बंद होणार अशी कुणकुण लागताच चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला. जानेवारी १९६८ मध्ये विद्यार्थ्यांनी एनबीसीच्या दारावर मोर्चाही नेला. अखेर १ मार्चला, भाग संपताच, मालिका पुढे चालू राहील असं कंपनीनं जाहीर केलं. त्याच महिन्यात ‘लॉस्ट इन स्पेस’ ८३ भागांनंतर थांबली.

म्हणजे ‘स्टार ट्रेक’ जिंकली म्हणता? छे! तिला वेळ मिळाली शुक्रवारी रात्री दहाची. तरुण मंडळी त्या वेळी घरात असतात थोडीच! ३ जून १९६९ रोजी ७९ व्या भागानंतर तीही संपली. आणि सातच आठवड्यांनी माणूस खरोखरीच चंद्रावर उतरला.

खरी कहाणी सुरू झाली ती यानंतर. गावोगावच्या स्थानिक केंद्रांनी जुने भाग विकत घेऊन पुन्हा पुन्हा दाखवले. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला चाहत्यांचं संमेलन भरलं. १९७६ मध्ये चाहत्यांच्या पत्रांमुळे ‘नासा’च्या पहिल्या अंतराळ-शटलला ‘एंटरप्राइज’ हे नाव मिळालं. १९७९ मध्ये चित्रपट आला. त्यात आपल्या मुंबईच्या पर्सिस खंबाटा एका प्रमुख भूमिकेत झळकल्या. ‘लॉस्ट इन स्पेस’ही विसरली गेली नाही, १९९८ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला, २०१८ मध्ये नवी मालिका आली. पण संमेलनं भरवावीत, सरकारला पत्रं लिहावीत, असा ध्यास लावला तो ‘स्टार ट्रेक’नं.

नील्सनचा हिशेब खोटा नव्हता, बरं का. किती घरांत पडदा उजळला, एवढंच त्यानं मोजलं. पडदा विझल्यावर त्या घरांतली माणसं पत्र लिहायला बसली, ते मात्र त्याच्या वहीत कुठं उतरणार?