समुद्राचं पाणी कोणी बिघडवलं? गणित असा लावतं हिशेब

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक नावाचा उपसागर आहे. दर उन्हाळ्यात तिथे खोल पाण्यातला ऑक्सिजन घटतो. मासे दूर पळतात, पण तळाला चिकटलेली कालवं गुदमरतात.

असं का होतं?

शेतातलं खत आणि शहरांचं सांडपाणी नद्यांमधून इथे येतं. त्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसमुळे शेवाळ फोफावतं. ते मरून तळाशी बसतं आणि कुजताना ऑक्सिजन संपवतं.

कारण कळलं, पण दोष कोणाचा? या उपसागरात सहा राज्यांचं पाणी येतं. एकदा ते मिसळलं की नुसत्या तपासणीतून कोणाचा वाटा किती, हे सांगता येत नाही. इथे गणिती मॉडेल कामाला येतं.

मॉडेल म्हणजे काय?

१९७६ मध्ये मेरीलँड राज्यात या उपसागराची काँक्रीटची प्रतिकृती सुरू झाली. ती सुमारे ८ एकरांवर पसरली होती! पुढे संगणकाने तिची जागा घेतली.

संगणक उपसागराचे हजारो कप्पे पाडतो. प्रत्येक कप्प्याचा हिशेब दुकानाच्या वहीसारखा: किती आलं, किती गेलं, मधल्या मध्ये किती तयार झालं किंवा संपलं. हे उत्तर प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहतात. ते जुळलं, की प्रश्न विचारता येतो: एखाद्या राज्याने खत कमी केलं तर काय होईल?

याचा उपयोग काय झाला?

या मॉडेलच्या आधारे २०१० मध्ये अमेरिकी पर्यावरण संस्थेने वर्षाला १८.५९ कोटी पौंड, म्हणजे सुमारे ८.४ कोटी किलो नायट्रोजनची मर्यादा घातली आणि ती राज्यांमध्ये वाटून दिली.

मॉडेल चुकतं का?

हो. सस्क्वेहॅना नदीवरचं १९२८ चं कोनोविंगो धरण २०२५ पर्यंत गाळ अडवत राहील, असं तेव्हा गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात जलाशय त्याआधीच गाळाने जवळपास भरला. जादा गाळ आणि पोषकद्रव्यं खाली वाहू लागली आणि राज्यांपुढे आणखी कपातीचं ओझं आलं.

गणितातली बेरीज बरोबर होती, चुकलं ते गृहीतक. म्हणून कोणत्याही मॉडेलचा आकडा दिसला, की आधी विचारा: यात काय धरून चाललेत?