भाडेपट्ट्याची मुदत आणि भाडेवाढ : मुंबईतील भाडेनियंत्रण कायद्यांचा ऐतिहासिक आढावा (१९१८ ते २०००)

प्रस्तावना

भाडेपट्ट्याची मुदत संपल्यावर घरमालकाने वाढीव भाडे मागितले तर भाडेकरूला त्या घरात राहण्याचा अधिकार उरतो काय, हा प्रश्न वरवर करारापुरता दिसतो. मुंबईच्या इतिहासात मात्र त्याला सामाजिक प्रश्नाचे स्वरूप प्राप्त झाले. प्रस्तुत निबंधात या अधिकाराचा उदय, विस्तार व संकोच यांचा आढावा घेतला आहे.

करारापासून संरक्षणाकडे

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार मुदत संपताच भाडेपट्टा संपुष्टात येतो. महिनेवारी भाडेपट्टा पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपविता येतो. या कायद्यात दोन्ही पक्ष समान मानलेले आहेत. परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या व बंदर यांमुळे मुंबईची लोकसंख्या वाढत असताना घरांची टंचाई तीव्र झाली आणि ही समानता केवळ कागदावर राहिली. परिणामी १९१८ मध्ये युद्धकालीन भाडेनिर्बंधाचा कायदा करण्यात आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९३९ व १९४४ चे कायदे आले. मूलतः तात्पुरती असलेली ही व्यवस्था १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण अधिनियमाने दीर्घकाळ स्थिरावली. हा कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला व त्याची मुदत वेळोवेळी वाढविण्यात आली.

१९४७ च्या कायद्याचे स्वरूप

या कायद्याने दोन गोष्टी साधल्या. पहिली म्हणजे भाडेपट्टा संपल्यानंतर घरमालकाच्या संमतीविना ताब्यात राहिलेल्या व्यक्तीचाही 'भाडेकरू' या व्याख्येत समावेश झाला. प्रमाण भाडे देण्यास तयार असलेल्या भाडेकरूला केवळ मुदत संपली म्हणून बाहेर काढता येईना. त्यासाठी भाडे थकविणे, पोटभाडेकरू ठेवणे, घरमालकाची खरी गरज अशी कायद्यातील कारणे सिद्ध करणे आवश्यक झाले. गरजेच्या दाव्यातही अधिक हाल कोणाचे होतील, याचा विचार न्यायालयाला करावा लागे. दुसरी म्हणजे प्रमाण भाडे सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० रोजीच्या भाड्याशी जोडले गेले. ताब्याचे संरक्षण व भाड्याचे गोठणे ही तत्त्वे वेगळी असली, तरी व्यवहारात ती एकत्र नांदली.

परिणाम

चाळींतील कष्टकरी व निम्न मध्यमवर्गीय कुटुंबांना या संरक्षणामुळे शहराच्या मध्यभागी टिकून राहता आले, ही या कायद्याची मोठी जमेची बाजू होय. त्याचबरोबर अल्प भाड्यातून इमारतींची डागडुजी होईना. १९६९ मध्ये शासनाला दुरुस्ती मंडळ स्थापून उपकर बसवावा लागला. त्या वेळी उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. कायद्याने मनाई असूनही पागडीची प्रथा फोफावली. घरमालकांनी 'लीव्ह अँड लायसन्स'चा मार्ग पत्करला, तेव्हा १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा देण्यात आला.

न्यायालयीन वळण व १९९९ चा कायदा

मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये असे मत दिले की, प्रमाण भाडे गोठविणाऱ्या तरतुदी आरंभी वाजवी असल्या तरी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत. मात्र कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपणार असल्याने त्या रद्द केल्या नाहीत. नवा कायदा होईपर्यंत ही मुदत पुन्हा वाढविण्यात आली.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने ताब्याचे संरक्षण कायम ठेवून दरवर्षी चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली आणि पागडीला मान्यता दिली. भाडे थकल्यास लेखी मागणीनंतर नव्वद दिवस उलटल्याखेरीज दावा करता येत नाही. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत व्याजासह थकबाकी भरल्यास ताबा वाचविता येतो. बँका, सार्वजनिक उपक्रम व एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा झालेले भांडवल असणाऱ्या कंपन्या यांना मात्र संरक्षणातून वगळण्यात आले. राहण्याच्या जागेचा परवाना संपल्यावरही जागा न सोडणाऱ्या परवानाधारकाला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते आणि सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत त्याला निष्कासित करता येते.

निष्कर्ष

एकाच इमारतीत आज दोन प्रकारचे रहिवासी आढळतात. जुन्या भाडेकरूच्या दृष्टीने मुदत संपणे ही जवळजवळ निरर्थक बाब आहे, तर परवानाधारकाच्या दृष्टीने तीच निर्णायक आहे. १९१८ साली ज्या नवागत, अल्प उत्पन्नाच्या रहिवाशासाठी संरक्षणाचा विचार सुरू झाला, तोच आज परवान्याच्या कराराने राहत असल्याने त्या संरक्षणाबाहेर पडला आहे. भाडे गोठविणे अन्याय्य ठरले, याचा अर्थ ताब्याचे संरक्षणही अनावश्यक ठरले असा होत नाही. ही दोन तत्त्वे एकमेकांपासून वेगळी करून वाजवी भाडेवाढ व वास्तव्याची सुरक्षितता यांचा मेळ घालणे, हाच या इतिहासाचा बोध म्हणता येईल.