नोंद इ. स. ९१६ ची: ओ क्लेरी आडनावाचा माग

आयर्लंडच्या एका मोठ्या शकावलीत इ. स. ९१६ या सालाखाली एका ओळीची मृत्युनोंद आहे. आयना प्रांताचा अधिपती टिगरनाख ऊआ क्लेरी वारला, एवढीच. कशाने, कुठे, कोणत्या महिन्यात, याचा पत्ता नाही. आयना म्हणजे आजच्या गॉलवे परगण्याचा दक्षिण भाग, गॉर्ट गावाच्या आसपासचा मुलूख. या एका ओळीच्या बळावर ओ क्लेरी हे युरोपातले सर्वांत जुने नोंदलेले आडनाव असल्याचे सांगितले जाते. आज ते क्लेरी, क्लिअरी आणि बऱ्याचदा क्लार्क या रूपांत भेटते. दावा मोठा आहे आणि आधार एका ओळीचा. तेव्हा आधी ती ओळ ज्या कागदावर आहे, तो कागद तपासायला हवा.

हा कागद दहाव्या शतकातला नाही. ‘चार पंडितांची शकावली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ग्रंथाचे लेखन २२ जानेवारी १६३२ रोजी सुरू झाले आणि १० ऑगस्ट १६३६ रोजी संपले. डोनेगॉलचा फ्रान्सिस्कन मठ १६०१ मध्ये उद्ध्वस्त झाल्यावर तिथल्या साधूंनी ड्रोज नदीकाठी आसरा घेतला होता, तिथे हे काम झाले. म्हणजे घटना आणि लेखन यांत सातशे वर्षांचे अंतर पडले. दुसरी अडचण याहून नाजूक आहे. या कामाचा प्रमुख होता मिहाल ओ क्लेरी. त्याचा मुख्य मदतनीस कूकॉग्री ओ क्लेरी, आणि काही काळ हाताशी असलेला कॉनरी ओ क्लेरी हा मिहालचा सख्खा भाऊ. साक्षीदार वादीच्या नात्यातला निघाला, तर त्याची उलटतपासणी कडकच व्हायला हवी.

सालापासून सुरुवात करू. या शकावलीची कालगणना दहाव्या-अकराव्या शतकात थोडी मागे पडते. आयर्लंडचा राजा ब्रायन बोरू ज्या क्लॉन्टार्फच्या लढाईत पडला, ती १०१४ च्या एप्रिलमध्ये झाली हे निश्चित आहे. शकावली ती १०१३ खाली नोंदवते. म्हणून टिगरनाखच्या मृत्यूचे सालही ‘९१६ किंवा त्यानंतरची एखाद-दोन वर्षे’ असेच वाचावे. मला ही चूक उलट आश्वासक वाटते. पूर्वजाची नोंद कोणी मागाहून घुसडली असती, तर तिच्यासाठी इतके साधे, बिनशोभेचे वाक्य आणि अशी मागे पडलेली गणना त्याने का निवडली असती?

हेतूचेही पाहावे लागेल. जुन्यात जुने आडनाव कोणाचे, ही चढाओढ आपल्या काळातली आहे. १६३६ मध्ये असा मान कोणी मागत नव्हते आणि कोणी देतही नव्हते. शिवाय या मंडळींनी आपल्या आधारांची यादी दिली आहे: क्लॉनमॅकनॉइजचे पुस्तक, लॉख अर्नमधल्या बेटावरचे पुस्तक, लेकनचे पुस्तक आणि आणखी काही. त्यांतली काही आज उपलब्ध आहेत, काही कायमची गेली. नोव्हेंबर १६३६ मध्ये दोन बाहेरच्या विद्वानांनी, फ्लान मॅकईगन आणि कॉनर मॅकब्रॉडी यांनी, ग्रंथ पाहून त्याला लेखी मान्यता दिली. मूळ हस्तलिखिते डब्लिनमध्ये अजून जपलेली आहेत. एकूण विचार करता ती नोंद कोणत्यातरी जुन्या पुस्तकातून प्रामाणिकपणे उतरवलेली आहे, असे मी धरतो. सिद्ध झाले असे मात्र म्हणत नाही.

पण नोंद खरी मानली तरी एक पेच उरतोच. ‘ऊआ’ म्हणजे नातू. पुढे त्याचेच ‘ओ’ झाले आणि अर्थ ‘अमक्याचा वंशज’ असा सैलावला. मग टिगरनाख हा क्लेरेख नावाच्या माणसाचा प्रत्यक्ष नातू होता, की ऊआ क्लेरी हे तोवर कुळाचे नाव झाले होते? याच शकावलीत, नवव्या शतकाच्या अखेरीस, आयनाचाच आणखी एक अधिपती मरतो. त्याचे नाव मेल फाबल, आणि त्याची ओळख ‘क्लेरेखचा मुलगा’ अशी दिली आहे. मुलगा एका पिढीत, लगेच पुढच्या पिढीत ‘नातू’. हिशोब इतका चोख जुळतो की टिगरनाख खराखुरा नातूच असावा, अशी दाट शंका येते. ओ नील या प्रसिद्ध घराण्यातही हाच घोळ आहे. ९८० मध्ये वारलेल्या डोनल ऊआ नीलला अनेक जण त्या आडनावाचा पहिला धारक मानतात. तो नीअल ग्लुंडूव राजाचा सख्खा नातू होता.

सुदैवाने आपल्याकडे पुढच्या नोंदी आहेत. ९६४ खाली कोमाल्टन ऊआ क्लेरी एका लढाईत विजयी होताना दिसतो. ९७६ खाली त्याचा मृत्यू नोंदलेला आहे. १००३ खाली ‘कोमाल्टन ऊआ क्लेरीचा मुलगा’ गिला केली मारला जातो. क्लेरेखचा मुलगा नवव्या शतकातच म्हणजे कोमाल्टनच्या मृत्यूच्या सुमारे ऐंशी-नव्वद वर्षे आधी वारलेला. तेव्हा कोमाल्टनला सख्खा नातू ठरवण्यासाठी फारच ओढाताण करावी लागेल. त्याच्या बाबतीत ऊआ क्लेरी हे आडनाव आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. दावा करायचाच झाला, तर तो ९१६ वर न टेकवता कोमाल्टनवर टेकवावा. साठ वर्षांनी अलीकडे आले, तरी आडनाव पुरेसे म्हातारे आहे.

यानंतर घराण्याच्या हातून सत्ता निसटली. क्लॉन्टार्फला ब्रायनच्या बाजूने मेलेल्यांत आयनाचा अधिपती म्हणून नाव येते ते मेलरूनी ओ हाइनचे. हे घराणे क्लेरींच्याच मूळ कुळातले. सत्ता कधी आणि कशी हस्तांतरित झाली, ते शकावली सांगत नाही. १००३ ते १०१४ या अकरा वर्षांच्या फटीत ते घडले असावे.

मोठी पांगापांग झाली ती तेराव्या शतकात. १२३५ मध्ये रिचर्ड डी बर्गने कॉनाक्टवर स्वारी केली आणि नॉर्मन सरदार गॉलवेत पक्के बसले. क्लेरी आयनातून उखडले गेले आणि पुढे त्यांच्या शाखा तीन दिशांना आढळतात: उत्तरेला डोनेगॉल, ईशान्येला ब्रेफ्नी म्हणजे आजचे कॅव्हन आणि लेट्रिम, आणि आग्नेयेला किलकेनी. याचा मुख्य आधार कूकॉग्रीने स्वतः लिहिलेले वंशावळींचे पुस्तक. तेही सतराव्या शतकातले आणि घरचेच. कुळ का हलले याचे कारण राजकीय इतिहासाशी जुळते, म्हणून ते ग्राह्य. शाखा नेमक्या केव्हा फुटल्या, हे त्यावरून ठरवू नये.

डोनेगॉल शाखेची हकीकत या पुस्तकात विस्ताराने आहे. कॉर्मक ओ क्लेरी नावाचा, दिवाणी आणि धार्मिक अशा दोन्ही कायद्यांत पारंगत असलेला तरुण मेयोतल्या टिरॉलीहून बॅलीशॅननजवळच्या ॲसरो मठात येतो. (टिरॉली का? तिथे क्लेरींच्याच मूळ वंशाची, उई फीअख्राखांची, दुसरी शाखा नांदत होती. विस्थापितांनी आधी भाऊबंदांचे दार ठोठावले असेल, असा माझा तर्क.) साधूंना त्याची विद्या आणि वागणूक आवडते. तिथे त्याची गाठ डोनेगॉलच्या ओडॉनेल राजांचा इतिहासकार मॅथ्यू ओ स्किंगीनशी पडते. ओ स्किंगीन आपली मुलगी त्याला देतो आणि एकच अट घालतो: या दोघांना मुलगा झाला, तर त्याला इतिहासविद्या शिकवायची. अट पाळली जाते आणि इतिहासकाराचे पद ओ स्किंगीनांकडून क्लेरींकडे येते.

हे कधी घडले? पुस्तक साल देत नाही. पण पिढ्या देते: कॉर्मकचा मुलगा गिला ब्रीडे, त्याचा गिला रीवख, त्याचा डिअरमिड, त्याचा टायग काम. शेवटच्या टायग कामचा मृत्यू शकावलीत १४९२ खाली आहे. डिअरमिडला जमीन देणारा नीअल गारव ओडॉनेल १४३९ मध्ये मॅन बेटावर कैदेत मेला. तेव्हा डिअरमिडचा जन्म १४०० च्या आसपास धरावा लागतो. पिढीला तीस वर्षे धरून मागे गेलो, तर कॉर्मकचे लग्न १३४० च्या सुमारास पडते. वंशावळ आणखी एक खूण ठेवते. कॉर्मकच्या मुलाला नाव मिळाले ते मामाचे, गिला ब्रीडे ओ स्किंगीनचे, आणि तो मामा १३८२ मध्ये वारला. पद त्याच्याकडे जायचे होते. तो गेला आणि भाच्याची वाट मोकळी झाली. खुणा जुळतात. पण मग आयनातून हुसकल्यापासून डोनेगॉलला पोहोचेपर्यंत सुमारे शंभर वर्षे मधे राहतात, आणि त्या शंभर वर्षांवर वंशावळीतल्या तीन-चार नावांपलीकडे काही नाही.

डोनेगॉलमध्ये क्लेरींचे ठाणे किलबॅरन. समुद्राच्या कड्यावरच्या त्यांच्या गढीचे अवशेष अजून उभे आहेत. प्लँटेशनच्या, म्हणजे ब्रिटिश वसाहतदारांना जमिनी वाटण्याच्या योजनेच्या, तयारीसाठी १६०९ मध्ये लिफर्डला जमिनींची चौकशी झाली, तेव्हा किलबॅरनची चर्चची जमीन वंशपरंपरेने ‘क्लेरी’ कुळाकडे असल्याचे नोंदले गेले. आतापर्यंतचे सगळे साक्षीदार घरचे किंवा विद्याक्षेत्रातले होते. हा पहिला परका आणि बेफिकीर साक्षीदार, म्हणून मोलाचा.

लिफर्डचीच दुसरी चौकशी २५ मे १६३२ ची. हा कागद वाचताना मी थबकलो. कूकॉग्री ओ क्लेरी वर्षाला आठ पौंड खंडाने डोनेगॉलच्या पश्चिमेकडच्या बॉयला आणि बॅना या विभागात थोडी जमीन कसत होता. ती जप्त होऊन राजाकडे जावी, असा निष्कर्ष निघाला. कारण असे दिले की तो निव्वळ आयरिश आहे. वंशाने नाही आणि आडनावानेही इंग्रज वा ब्रिटिश नाही. प्लँटेशनच्या अटींनुसार अशा माणसाला जमीन देता येत नव्हती. आता तारखा शेजारी ठेवून पाहा. शकावलीचे पहिले पान लिहिले गेले त्याच वर्षीच्या जानेवारीत. म्हणजे एकीकडे क्लेरी आडनावाची सातशे वर्षांपूर्वीची नोंद उतरवण्याचे काम चालू होते आणि चारच महिन्यांत त्याच आडनावापायी उतरवणाऱ्याची जमीन गेली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध कोणत्याही कागदात जोडलेला नाही. मीही तारखांपलीकडे जोडत नाही.

कूकॉग्री नंतर मेयोत गेला. त्याचे १६६४ चे आयरिश भाषेतले मृत्युपत्र टिकून आहे. त्यात आपल्या सर्वांत प्रिय मालमत्तेचा, पुस्तकांचा, वारसा तो डिअरमिड आणि शॉन या मुलांना देतो. हवे ते उतरवून घ्या, पण पुस्तकांना इजा होऊ देऊ नका, आणि माझा भाऊ कार्बरी याच्या मुलांनाही त्यांचा तुमच्याइतकाच उपयोग होऊ द्या, असे बजावतो. एकाही एकराचा उल्लेख नाही. ही पुस्तके घराण्यातच फिरली. मेयोहून कॅव्हनला गेली आणि १८१७ मध्ये एका वंशजाबरोबर डब्लिनला आली. पुढच्या पिढीत जॉन ओडोनोव्हनने १८४४ मध्ये उई फीअख्राखांच्या वंशावळी आणि १८४८ ते १८५१ दरम्यान शकावलीचे सात खंड छापले. आज आपण ज्या कागदांवर विसंबतो, ते त्या मृत्युपत्रातल्या सूचनेमुळे वाचले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

सामान्य क्लेरींचे काय झाले, हे शोधणे याहून अवघड. सतराव्या-अठराव्या शतकांत ‘ओ’ गळाला, स्पेलिंगे बदलली. मूळ शब्दाचा अर्थ कारकून वा पाद्री, म्हणून इंग्रजी लिहिणाऱ्यांनी सरळ क्लार्क करून टाकले. काही जण याचे खापर १४६५ च्या कायद्यावर फोडतात. त्या कायद्याने आयरिश लोकांना गाव, रंग, धंदा किंवा हुद्दा यांवरून इंग्रजी आडनाव घ्यायला फर्मावले होते. पण तो डब्लिन, मीथ, लाउथ आणि किल्डेअर या चार परगण्यांपुरता होता. कॅव्हन त्याच्या बाहेर, आणि क्लेरींचे क्लार्क झाले ते मुख्यतः कॅव्हन आणि अल्स्टरमध्ये. मला वाटते, हा बदल प्लँटेशननंतरच्या खंडपत्रांच्या आणि चर्चच्या रजिस्टरांच्या टेबलांवर हळूहळू झाला.

हे घरोघर ताडून पाहायला एकोणिसाव्या शतकातली खानेसुमारी हवी होती. १८६१ ते १८९१ चे कागद सरकारनेच नष्ट केले. १८२१ ते १८५१ चे बहुतेक कागद ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या अभिलेखागाराच्या आगीत गेले. १८२१ चे जे थोडे तुकडे वाचले, त्यांत नेमक्या कॅव्हनच्या काही पॅरिश आहेत, एवढाच दिलासा. पोकळी भरायला ग्रिफिथची १८४७ ते १८६४ ची करआकारणी हाती येते. तिच्यात क्लिअरी या रूपाचा दाट पट्टा टिपरेरीत दिसतो. टिपरेरी किलकेनीला लागूनच आहे. तेव्हा हे क्लिअरी तेराव्या शतकात आग्नेयेला गेलेल्या शाखेचे असावेत. भूगोल तसे सुचवतो, पण मधल्या पिढ्यांचा एकही सलग धागा नाही.

क्लार्क आडनावाबाबत तर सावधपणा दुप्पट हवा, कारण इंग्लंडहून आलेले क्लार्कही आयर्लंडमध्ये होतेच. आयरिश स्वातंत्र्याच्या १९१६ च्या घोषणापत्रावर पहिली सही करणारा टॉम क्लार्क याचे उदाहरण पाहू. डब्लिनच्या पार्नेल स्ट्रीटवर त्याचे तंबाखू आणि वर्तमानपत्रांचे दुकान होते. दुकानाच्या पाटीवर गेलिक लिपीत ओ क्लेरी असे रंगवले होते. त्याचा जन्म इंग्लंडच्या हर्स्ट कॅसलचा. वडील ब्रिटिश सैन्यात, चर्च ऑफ आयर्लंडचे अनुयायी, मूळचे लेट्रिमचे. लेट्रिम म्हणजे जुने ब्रेफ्नी, ही गोष्ट ओ क्लेरीच्या बाजूने जाते. वडिलांचा धर्म विरुद्ध बाजूने, निर्णायक नसला तरी. पाटीवरून त्याने कोणते आडनाव आपले मानले हे कळते. त्याचे पूर्वज आयनातून आले की इंग्लंडमधून, हे मात्र लेट्रिमच्या अठराव्या शतकातल्या रजिस्टरांवरूनच ठरू शकेल.