एकास सत्त्याऐंशी

भारतीय रेल्वेचं मॉडेल करणाऱ्या माणसाचं दुखणं रुळांपासूनच सुरू होतं. जगात सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे एचओ, एकास सत्त्याऐंशी. त्याचे रूळ बाजारात तयार मिळतात, दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजला ते चपखल बसतं. आपलं ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटरचं. सत्त्याऐंशीनं भागा, उत्तर येतं सव्वाएकोणीस. म्हणजे डेक्कन क्वीन कितीही जीव ओतून केली तरी ती तयार रुळांवर अंग चोरूनच उभी राहणार. पावणेतीन मिलिमीटरनं काय बिघडतं, असं घरच्यांना वाटतं. आमच्या कंपूत त्या पावणेतीन मिलिमीटरांवरून अबोले झालेले आहेत. एक पक्ष म्हणतो, गाडी धावली म्हणजे झालं. दुसरा पक्ष पीसीबीच्या पट्ट्या कापून, त्यावर रूळ सोल्डर करून खरं माप साधतो आणि मग त्याच्याकडे वर्षाला दीड फूट लाइन तयार होते.

नॅरोगेजवाल्यांना हा ताप नाही. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. भागाकार येतो पावणेनऊ. एन गेजचे नऊ मिलिमीटरचे रूळ कुठल्याही दुकानात. पाव मिलिमीटर इकडेतिकडे, तेवढं देवालाही चालतं. म्हणून मी बार्शी लाइट या नॅरोगेज रेल्वेचा झालो, असं चारचौघांत सांगतो. खरं कारण आजी.

आजीचं माहेर लातूर, सासर बार्शी. दोन्ही गावं एकाच लाइनवर, पण तिच्या लग्नाच्या वेळी दोन वेगळ्या राज्यांत. बार्शी इंग्रजांची, लातूर निजामाचं. मध्ये करोडगिरी. निजामाच्या हद्दीत शिरणाऱ्या मालावर जकात घेणारं हे खातं आजीच्या बोलण्यात कायम एखाद्या खाष्ट नातेवाइकासारखं येई. येडशीच्या आसपास करोडगिरीवाले डब्यात चढत, गाठोडी सोडायला लावत, ट्रंकांत हात घालत. नवं कापड दिसलं की अडलं. मग दिवाळीला माहेरी जाताना आजी आणि तिची जाऊ एकावर एक अशा दोन नऊवारी नेसून निघत. आतलं लुगडं वहिनीला, वरचं आपलं. "गाडी अशी हळू, वरून ऊन, आणि अंगावर अठरा वार," आजी म्हणे, "घामानं आतल्या लुगड्याचा रंग पाठीला लागायचा. पण त्या मेल्याला एक पै दिली नाही." सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं. आजीला त्याचा आनंद कशाकशासाठी झाला असेल ते असो, पण एकच लुगडं नेसून लातूरला जाता येऊ लागलं हे ती नेहमी आधी सांगे.

ही लाइन एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरच्या डोक्यातून आली. जीआयपी रेल्वेची मोठी लाइन बार्शीला बगल देऊन कुर्डुवाडीवरून गेलेली. बार्शीच्या पेठेतला कापूस आणि धान्य बैलगाडीनं स्टेशन गाठायचं. कॅलथ्रॉपनं हिशोब धरला तो आसाचा. इंजिन असो की वाघीण, एका आसावर पाच टनांवर भार पडू द्यायचा नाही. भार सारखा वाटला की रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, पैसा कमी लागतो. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी टाउन हा एकवीस मैलांचा तुकडा सुरू झाला. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. हाच गृहस्थ पुढे पॅराशूटच्या नादाला लागला आणि 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट त्यानं केलं. वजनाचा विचार काही सुटला नाही!

आपल्याला या कॅलथ्रॉपचा आणखी एक उपयोग झाला. त्यानं इंग्लंडात स्टॅफर्डशरमध्ये लीक-मॅनिफोल्ड नावाची अशीच अडीच फुटी लाइन केली, बार्शीचं वळण गिरवून. १९०४ ला सुरू, १९३४ ला बंद. इंजिनांवरचे मोठाले दिवेसुद्धा थेट आपल्याकडच्यासारखे. तीस वर्षं जेमतेम चाललेली ही लाइन, पण तिकडच्या हौशी मंडळींनी तिचा खिळान्‌खिळा मोजून ठेवला आहे. सव्वातीनशे किलोमीटरच्या आपल्या लाइनची मापं शोधताना आम्ही पुष्कळदा त्या तेरा किलोमीटरवाल्यांच्या दारात उभे असतो. याचा राग येतो, आणि उपयोगही होतो.

पुण्यात या नादाला मोठं करणारं ठिकाण म्हणजे कोथरूडचं भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय. १ एप्रिल १९९८ ला ते उघडलं. तिथे पोरांना घेऊन गेलेले बाप नंतर एकटे जाऊ लागले, त्यातून आमच्यासारखे कंपू झाले. आमचा कंपू रविवारी सिंहगड रस्त्यावरच्या एका फ्लॅटमध्ये जमतो. यजमान बँकेतून निवृत्त झालेले काका. काकूंनी मागची खोली दिली आहे, अटी घालून: फेविकॉलचे हात पडद्याला पुसायचे नाहीत, आणि चहाचा चोथा परस्पर उचलायचा नाही, आधी विचारायचं. चोथा लागतोच. वाळवून, चाळून पसरला की सोलापूरकडची नांगरलेली काळी रानं त्याच्याइतकी दुसऱ्या कशानं होत नाहीत.

खडीचं काम माझ्याकडे असतं. चाळलेली वाळू रुळांच्या मध्ये सोडायची, मऊ ब्रशनं स्लीपरवरचा कणन्‌कण खाली उतरवायचा. मग पाण्यात विरघळवलेला फेविकॉल, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. तो थेंब नसेल तर पाणी वाळूवर गोळ्या होऊन बसतं आणि खडी उधळून लावतं. ड्रॉपरनं एकेक थेंब. सांध्यापाशी श्वास धरायचा, कारण तिथे डिंक शिरला की जीभ हलत नाही आणि गाडी थेट चोथ्यात जाते. हे करताना तोंड मोकळं असतं, म्हणून सगळ्यात जास्त गप्पा खडीच्या वेळी होतात. मोटर कुणाची जळली, डिकोडर कुणाचा गेला, पावसाळ्यात प्लायवूड फुगून कुणाची लाइन कशी आडवी झाली. आणि जकात. २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क वीसवरून साठ टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये सत्तरवर. सरकारच्या लेखी आमची इंजिनं खेळणीच. त्यामुळे कुणाचा भाचा जर्मनीहून येणार म्हटलं की त्याच्या बॅगेतल्या जागेचं आरक्षण सहा महिने आधी होतं. इंजिन सदऱ्यात गुंडाळून येतं. आजी असती तर तिनं दोन सदरे घालायला सांगितलं असतं.

आता अडचण जागेची. कुर्डुवाडी ते बार्शी टाउन एकास सत्त्याऐंशीत नेटकं करायचं तर जवळजवळ तीनशे नव्वद मीटर लागतात. मिरज-लातूर सगळं करायचं म्हटलं तर पावणेचार किलोमीटर, म्हणजे आमचं मॉडेल सिंहगड रस्त्यालाच समांतर धावेल. काकांच्या खोलीतली फळी पंधरा फूट. मग काय ठेवायचं आणि काय गाळायचं? इथे मला आजीचं सांगणं फार आठवतं. तिच्या लातूरच्या प्रवासातही सगळी स्टेशनं कधी आली नाहीत. बार्शीला पाय ठेवला की येडशीचा नाका, नाका सुटला की लातूरचा भाऊ बैलगाडी घेऊन उभा. मधली रानं, उन्हात नुसतं थांबणं, सगळं गळालेलं. आम्ही करवतीनं करतो ते म्हाताऱ्या माणसांनी सांगता सांगता आधीच करून ठेवलेलं असतं. फक्त प्रत्येकाची करवत वेगळ्या ठिकाणी चालते.

ते कळलं कुर्डुवाडीच्या आजोबांमुळे. आमच्यातल्या एकाचे ते सासरे. नव्वदीला टेकलेले. १९५४ मध्ये सरकारनं कंपनीकडून लाइन विकत घेतली, त्यानंतर ते खलाशी म्हणून लागले आणि फायरमन झाले. त्यांना मुद्दाम बोलावलं. कुर्डुवाडीच्या फलाटावर आम्ही आषाढीची स्पेशल उभी केली होती. दोन सेंटिमीटर उंचीची माणसं बाहेरून येतात ती सगळी हॅटवाली. एका डॉक्टर मित्रानं सुईच्या टोकानं हॅटा कोरून काढल्या, एम-सीलची पागोटी बांधली, फेविकॉलमध्ये भिजवलेल्या टिश्यू पेपरची धोतरं नेसवली. एकाच्या गळ्यात वीणाही होती. आजोबा ते बघतील म्हणून आम्ही वाट पाहत होतो. त्यांनी चष्मा वर केला आणि थेट इंजिनावर वाकले.

"ह्ये काय ओ? कोळसा हाय का साखर?"

कोळसा आम्ही बारीक चाळून, एकसारखा भरला होता. आजोबांचं म्हणणं, असा कोळसा त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नाही. डोक्याएवढी ढेकळं यायची, ती हातोडीनं फोडायची, निम्मा चुरा, निम्मा दगड. चढावर वाफ पडली की ड्रायव्हर शिव्या द्यायचा त्या फायरमनला, कोळशाला नाही. मग हात किती दुखायचे, कुठला ड्रायव्हर गुणी आणि कुठला आगलाव्या, हे सगळं आलं. वारकऱ्यांकडे ते शेवटी वळले. "टपावर येवढी मोजकी बसवल्यात व्हय? टप दिसाया नगं." वीणेकडे पाहिलंसुद्धा नाही.

नाक्याबद्दल विचारलं तर म्हणाले, असा नाका कधी नव्हताच. त्यांच्या काळी नव्हताच; ते लागले तेव्हा निजाम जाऊन वर्षं झाली होती. झालं. काका म्हणाले, एकाच फलाटावर १९४६ चं लुगडं आणि १९५८ चा कोळसा चालणार नाही, साल ठरवा. डॉक्टर म्हणाले, सालाचं जाऊ द्या, टप झाकायला अजून दोनशे वारकरी लागतील, ते कोण करणार? त्यात बार्शीचा मित्र इतके दिवस दाबून धरलेलं बोलला. पंधरा फुटांत डावीकडे कुर्डुवाडी आणि उजवीकडे येडशी बसवताना आम्ही बार्शी गाळली होती. "नाव बार्शी लाइट, आणि त्यात बार्शीच नाही!" त्यानं 'बार्शी टाउन'ची पाटी घरून करून आणली होती, तीन भाषांत, भिंगातून वाचता येईल अशी. पाटी तयार आहे, स्टेशनला जागा नाही.

सध्या वाटाघाटी चालू आहेत. कुर्डुवाडीचं एक सायडिंग काढलं तर सहा इंच मिळतात, पण आजोबांच्या जावयाची त्याला हरकत आहे. काकूंनी कपाट सरकवलं तर आणखी दीड फूट, पण ते त्यांना विचारायचं कुणी हे ठरत नाही. कुणीतरी हळूच म्हणालं, येडशीचा नाका काढला तर निदान फलाट तरी बसेल. नाका निघणार नाही, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.