सनदी अधिकाऱ्यांचे निवृत्तिवेतन : आर्थिक निःसारण ते घटनात्मक हमी

प्रस्तावना :
सरकारी अधिकाऱ्यांना उदार निवृत्तिवेतन द्यावे काय, हा वाद भारतात नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राष्ट्रवादी विचारवंतांनी तो इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या (आय.सी.एस.) संदर्भात उपस्थित केला. पुढे १९४९ मध्ये तोच प्रश्न घटना समितीपुढे आला. या दोन टप्प्यांतील राष्ट्रीय नेतृत्वाची भूमिका वरकरणी परस्परविरोधी दिसते. ती तशी होती काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निवृत्तिवेतनाचे स्वरूप :
२५ वर्षांच्या सेवेनंतर, त्यांपैकी २१ वर्षे प्रत्यक्ष कामाची असल्यास, आय.सी.एस. अधिकाऱ्यास वार्षिक १,००० पौंड निवृत्तिवेतन मिळे. त्यासाठी वेतनातून दीर्घकाळ ४ टक्के कपात होत असे. त्यामुळे ही रक्कम सर्वस्वी तिजोरीतून दिली जाई, असे म्हणणे यथार्थ ठरणार नाही. तथापि, भार भारतीय महसुलावर आणि प्रदान लंडनमध्ये, तेही पौंडांत, अशी ही व्यवस्था होती. रुपयाचा दर २ शिलिंग असताना १,००० पौंडांसाठी १०,००० रुपये लागत. दर १ शिलिंग ४ पेन्सवर आल्यावर १५,००० रुपये लागू लागले. निवृत्तिवेतनात एका पौंडाचीही वाढ न होता भारतीय करदात्याचा बोजा दीडपट झाला.

राष्ट्रवाद्यांची टीका :
दादाभाई नौरोजी यांनी १८६७ पासून आर्थिक निःसारणाचा सिद्धांत मांडला. ‘होम चार्जेस’मधील निवृत्तिवेतन हा त्या निःसारणाचा एक घटक होता. निवृत्त अधिकाऱ्याबरोबर पैसाच नव्हे, तर प्रशासनाचा अनुभवही देशाबाहेर जातो, हा त्यांचा मुद्दा अधिक मूलगामी होता. १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष देताना गोपाळ कृष्ण गोखले यांनीही परकीय नोकरशाहीचा खर्चिकपणा आणि तिच्यामुळे होणारी नैतिक हानी या दोन्हींवर बोट ठेवले. टीकेचा रोख निवृत्तिवेतनाच्या तत्त्वावर नव्हता. ते कोण देतो, कोणाला मिळते आणि कोठे खर्च होते, यावर होता.

स्वातंत्र्यानंतरची हमी :
१९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याने या अधिकाऱ्यांच्या सेवाशर्ती कायम ठेवल्या. १९४८ च्या करारान्वये भारताने आपल्या स्टर्लिंग गंगाजळीतून सुमारे १६.८ कोटी पौंड ब्रिटनमधील निवृत्तिवेतनांच्या तरतुदीसाठी दिले. ऑक्टोबर १९४९ मध्ये घटना समितीत सेवाशर्तींच्या हमीवर चर्चा झाली. सामान्य जनतेला अन्नवस्त्राची हमी देता येत नसताना या वर्गाला ती का द्यावी, असा अनंतशयनम् अय्यंगार यांच्या विरोधाचा आशय होता. दिलेला शब्द मोडल्यास प्रशासन विस्कळीत होईल, ही सरदार पटेलांची भूमिका अखेर मान्य झाली आणि संविधानात अनुच्छेद ३१४ समाविष्ट झाला. १९७२ च्या २८ व्या घटनादुरुस्तीने तो रद्द झाला. ही हमी जेमतेम २२ वर्षे टिकली.

समारोप :
दादाभाई आणि पटेल यांच्या भूमिकांत विरोध नाही. प्रजेच्या संमतीविना लादलेला भार अन्याय्य, हे पहिल्याचे म्हणणे. स्वतंत्र राष्ट्राने स्वतः स्वीकारलेला शब्द पाळावा, हे दुसऱ्याचे. १९८२ च्या नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, असे स्पष्ट केले. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून अंशदायी योजना आणली, ती नव्याने सेवेत येणाऱ्यांनाच. आधीच्यांना दिलेला शब्द त्यामुळे अबाधित राहिला. परंतु एकाच कार्यालयात, एकाच कामासाठी वार्धक्याच्या सुरक्षिततेच्या दोन प्रती निर्माण झाल्या. म्हणून निवृत्तिवेतन किती असावे याबरोबरच त्याचा भार कोणी, कोणाच्या संमतीने वाहावा, हा दादाभाईंनी विचारलेला प्रश्न आजही टाळता येत नाही.