सातबाऱ्याचे कूळ

कोणाला जामीन राहताना, पीककर्ज मागताना, प्रसंगी मुलीसाठी स्थळ पाहतानाही आपल्या खेड्यांत ज्या कागदाची विचारपूस प्रथम होते, त्या सातबाऱ्याला स्वतःचे असे नावदेखील नाही. महसूल खात्याच्या गाव नमुन्यांपैकी सातव्यात जमिनीवरील हक्क आणि बाराव्यात तिच्यातील पिके लिहिली जातात, आणि हे दोन अनुक्रमांक जोडून उच्चारणे एवढाच काय तो त्याचा नामकरणविधी.

पेशवाईत कुलकर्ण्याच्या दप्तरात जमीन येई ती मुख्यतः जमाबंदीच्या हिशेबापुरती. वंशपरंपरागत हक्काने कसणारा मिरासदार कोण आणि तसा हक्क नसलेला उपरी कोण, हे गावाला तोंडपाठ असे. कंपनी सरकारला हे तोंडपाठ ज्ञान उपलब्ध नव्हते. प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२७ च्या सुमारास पुणे प्रांतात जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचा सूक्ष्म हिशेब मांडून सारा ठरविण्याचा घाट घातला; परंतु शास्त्र पुस्तकातले, मोजणी हाताखालच्या कारकुनांची आणि सारा न पेलणारा, त्यामुळे कित्येक कुणबी जमिनी टाकून परागंदा झाले. १८३५ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरात नव्याने आरंभ केला, तेव्हा त्यांनी तत्त्वज्ञान आखडते घेतले आणि साखळी हाती धरली. ती साखळी तेहतीस फुटांची. तिच्या लांबीएवढ्या बाजूचा चौरस म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. जमिनीची प्रतवारी आणेवारीने, आकारणी तीस वर्षांसाठी आणि प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, ही घडी इतकी पक्की बसली की शेतकऱ्याच्या बोलण्यात आजही गुंठाच येतो.

या घडीत एक उणीव होती, आणि माझ्या मते सातबाऱ्याचा खरा उगम त्या उणिवेतच आहे. सारा कोण भरतो, एवढेच दप्तराला ठाऊक. शेत गहाण कोणाकडे, कसतो कोण, भाऊबंदांचे हिस्से किती, याविषयी ते मूक. सावकारी पाशाने गांजलेल्या रयतेने १८७५ मध्ये सुप्यास सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला, तरी हक्कांची गावनिहाय नोंदवही यावयास १९०३ चा मुंबई इलाख्याचा हक्कनोंदणीचा कायदा यावा लागला. १९१३ मध्ये ती तरतूद जमीन महसूल कायद्यातच सामावली गेली. खरेदी, वारसा, वाटणी यांची वर्दी प्रथम सहाव्या नमुन्यात, म्हणजे फेरफाराच्या वहीत चढावी आणि मंजूर झाल्यावर सातव्यात उतरावी, असा हा क्रम. कायद्याने या नोंदीला विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरे मानण्याचा मान दिला, मालकीचा अंतिम निवाडा दिलेला नाही. लोकांनी मात्र तो केव्हाच देऊन टाकला आहे.

जमिनीची इतकी चौकशी करणाऱ्या या दप्तरात माणसे कोठे, असे कोणी विचारील. ती तेराव्या नमुन्यात, गावच्या जनावरांसोबत. क्रम लावणाऱ्याच्या मनात अवमान नसावा; पण जिल्ह्याचा कारभार रयतेला तिच्या शेताच्या पाठीमागून ओळखतो, हे त्या क्रमावरून ध्यानी येते, आणि ज्याला शेतच नाही अशा भूमिहीन मजुराला त्या तेराव्यातील बेरजेपलीकडे स्थान उरत नाही. सातव्याच्या ‘इतर हक्क’ या अरुंद रकान्यात कुळाचे नाव लागले की मात्र कागद जिवंत होई. १९४८ च्या कूळकायद्यानंतर आणि विशेषतः १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली, तेव्हा त्या रकान्यातील एका ओळीसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजल्या.

पुढे वतनदार कुलकर्णी जाऊन सर्वत्र पगारी तलाठी आला, दप्तर संगणकात गेले, आणि २०२१ पासून बाराव्यातील पिकांची नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून करावी अशी ई-पीक पाहणी सुरू झाली. सातव्याचे तसे नाही. तेथे नाव चढवायचे तर फेरफार आजही मंडळ अधिकाऱ्यानेच मंजूर करावा लागतो.