चांदा आणि मार्चची पंधरावी

रोमचा सर्वाधिकारी ज्युलियस सीझर ख्रिस्तपूर्व 44 मध्ये मार्चच्या पंधराव्या दिवशी भर सभेत मारला गेला. स्पुरिन्ना नावाच्या शकुनज्ञाने त्यास आधीच सावध केले होते, असे रोमन इतिहासकार सांगतात. तेव्हापासून ही तारीख अशुभ ठरली. आमच्या चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, इतिहासातही ती येते. आणि तीही एका राजाच्या खुनाच्या संदर्भात.

1816 च्या मार्चमध्ये नागपूरकर दुसरे रघूजी भोसले निवर्तले. त्यांचे पुत्र परसोजी शरीराने व बुद्धीने दुबळे; म्हणून चुलतबंधू मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब कारभार पाहू लागले. चांदा प्रांत आप्पासाहेबांच्या वडिलांकडे, व्यंकोजींकडे असे. 1817 च्या फेब्रुवारीच्या आरंभी परसोजी नागपुरात अंथरुणात मृत आढळले, तेव्हा आप्पासाहेब चांद्यास होते. त्यामुळे संशय लगेच त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. एप्रिलमध्ये ते गादीवर बसले.

नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली; आप्पासाहेब हरले. पुढे बाजीराव पेशव्यांशी संधान बांधल्याच्या संशयावरून रेसिडेंट जेंकिन्स यांनी त्यांना कैद केले. तो दिवस 15 मार्च 1818. परसोजींच्या खुनाचा आरोपही आता त्यांच्यावर आला. मे महिन्यात ते पहाऱ्यातून निसटले. पण त्याच महिन्यात इंग्रजांनी तोफांनी तट फोडून चांदा घेतले व किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडले.

आप्पासाहेबांना बहुतेक इतिहासकार दोषी मानतात. तथापि आरोप करणारा, चौकशी करणारा आणि लाभ घेणारा पक्ष एकच होता, हेही विसरता येत नाही. नव्या राजाच्या अल्पवयात राज्यकारभार जेंकिन्स यांच्याच हाती राहिला.

मग दोष तारखेचा का? 1582 मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी पंचांगातून दहा दिवस वगळले; सूर्याच्या हिशेबाने सीझरची पंधरावी व आप्पासाहेबांची पंधरावी हा एक दिवसच नव्हे. साम्य आहे ते निराळे. प्रजासत्ताक वाचविण्यासाठी ज्यांनी सीझरला मारले, त्यांच्या हातून प्रजासत्ताकच गेले. परसोजींच्या मृत्यूने मोकळी झालेली गादी आप्पासाहेबांना वर्षभरही लाभली नाही. आणि दोन्हीकडे किंमत मोजली ती, ज्यांना कटाची वार्ताही नव्हती अशा सामान्य जनांनी. चांद्याच्या तटाकडे पाहताना आम्हांस त्यांचेच स्मरण होते.